जुन्या कागदांचा ऑक्टोबर

काल आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पहिली पाटी लागली. तारेच्या दोन पायांवर उभी, पिवळी, तिच्यावर जाड काळा बाण आणि खाली 'इस्टेट सेल'. मेपलची पानं अजून पुरती रंगलेली नाहीत. पण मागच्या लाकडी डेकवर ओकची फळं टपटप पडायला लागली आहेत आणि समोरच्या घरी पानं उडवायचं यंत्र सकाळपासून घरघरतंय. आमच्या पिस्कॅटवे गावातली माणसं ऋतू झाडांवरून ओळखतात, मी या बाणांवरून ओळखते. उन्हाळ्यात कुणीतरी म्हातारं माणूस गेलेलं असतं. मुलं लांबच्या राज्यांतून आलेली असतात. थंडी पडायच्या आत आतलं सगळं विकून घर रिकामं करायचं असतं. म्हणून ऑक्टोबरच्या शनिवारी अशा घरांची दारं सताड उघडी असतात आणि कुणीही आत जाऊन कपाटं उघडून बघू शकतं.

पाटी बघून माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. अविनाश असता तर म्हणाला असता, "थांब थांब, पत्ता वाचू दे." पण हे तो मला म्हणाला नसता. शनिवारी त्याच्या गाडीत मी कधी नसायचेच. डोरोथी असायची.

अविनाश, माझा नवरा, मार्चमध्ये गेला. दुःखाबद्दल लोक पुष्कळ बोलतात, भेटायला येतात, डबे आणतात. माझ्या मनात दुःखाशेजारी आणखी एक गोष्ट बसून आहे आणि तिच्यासाठी कुणी डबा आणत नाही. तिचं नाव मत्सर. माणूस गेल्यावरही त्याच्यावरून मत्सर वाटत राहतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मत्सराला निदान समोर काहीतरी घडावं लागतं. तसं नाही. एक पिवळी पाटी पुरते.

अविनाश पुलांचा इंजिनिअर होता. तीस वर्षं त्याने या राज्यातल्या पुलांना कुठे गंज चढलाय, कुठे चीर गेलीय हे तपासलं. पुस्तकं ही त्याची गोष्ट नव्हती, ती माझी होती. लग्नाआधी मी नागपूरला कॉलेजात मराठी शिकवत होते. इथे आल्यावर गावच्या लायब्ररीत लागले आणि नव्या पुस्तकांच्या नोंदी करता करता निवृत्त झाले. संसाराच्या सुरुवातीला मी त्याला मोठ्याने वाचून दाखवत असे. तो सोफ्यावर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा. "झोपलास?" "नाही गं, वाच, ऐकतोय." मग घोरायला लागायचा. कुकरबरोबर आलेली माहितीपुस्तिका मात्र हा माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि जपून ठेवायचा. तेव्हा मी हसले होते. पुढचं सगळं तिथेच दिसायला हवं होतं.

निवृत्तीला दोनेक वर्षं असताना एका शनिवारी तो शिडी घ्यायला म्हणून एका सेलला गेला आणि दुपारपर्यंत परतला नाही. आला तेव्हा शिडी नव्हती. हातात एक पातळ, कुरतडलेल्या कडांची चोपडी होती. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी रॅरिटन नदीवर लाकडी पूल बांधावा म्हणून गावकऱ्यांना केलेलं ते निवेदन होतं. किती तुळया लागतील, बर्फ आल्यावर खांबांचं काय होईल, होड्या चालवणाऱ्यांचं पोट कसं भरायचं, सगळं लिहिलेलं. त्या गॅरेजमध्ये खोकी चाळणाऱ्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने त्याला ती चोपडी दोन्ही तळव्यांवर धरून वाचताना पाहिलं आणि म्हणाली, "तुला कागद धरता येतो." ती डोरोथी. आयुष्यभर एका मोठ्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करत आलेली. नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही.

त्या दिवसापासून अविनाश वाचू लागला. म्हणजे माझ्या प्रांतात तो आला, पण माझ्या दारातून आला नाही.

हे मला कुणाला सांगता आलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याने लपवलं काहीच नाही. शनिवारी पहाटे थर्मासमध्ये चहा भरून जायचा, तिला घ्यायचा, आणि दोघं कुठल्यातरी अनोळखी घराबाहेर नंबराची चिठ्ठी हातात धरून रांगेत उभी राहायची. आत जाताना बुटांवर निळे कागदी मोजे चढवावे लागतात. मग तळघर. तळघरातला ओलसर वास, रंगाच्या गंजलेल्या डब्यांचा, कापराच्या गोळ्यांचा. बाकीचे लोक चांदीचे चमचे आणि दिवे बघायचे. ही दोघं बायबलांच्या मध्ये दडलेले कागद, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली पंचांगं, कालवा कंपन्यांचे अहवाल, पूर येऊन गेल्यावर चर्चमध्ये दिलेली प्रवचनं, फेरीबोटीचे दरफलक असलं शोधायची. नद्या आणि पूल, एवढंच ती जमवायची. दुपारी तो घरी आला की त्याच्या स्वेटरला त्या तळघराचा वास असायचा. दुसऱ्या बाईच्या अत्तराचा वास आला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आणि मग जेवताना सुरू व्हायचं, "डोरोथी म्हणते..."

डोरोथी म्हणते, जुना कागद लाकडाचा नसतो, चिंध्यांचा असतो. डोरोथी म्हणते, विरलेले सदरे, परकर, चादरी घरोघरी फिरून गोळा करायचे, कुजवायचे, कुटायचे, आणि त्याचा लगदा करून कागद. म्हणून तो अजून करकरीत आहे बघ, कपडा आहे तो. ऐकता ऐकता मी म्हणाले, "म्हणजे आपली गोधडीच की. अंगावरचं जुनं झालं की अंगाखाली." अविनाश थांबला. घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या वाक्यावर तो असा थांबला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्याला न विचारता पुन्हा वरण वाढलं.

पुढच्या शनिवारी तो माझ्या आईने शिवलेली गोधडी गाडीत घालून घेऊन गेला. डोरोथीला दाखवायला. संध्याकाळी व्यवस्थित घडी घालून परत आणली. "तिला फार आवडली. टाके मोजत बसली होती." माझी उपमा त्याने तिला नेऊन दिली होती. मी गोधडी धुवायला टाकली. ती धुवायला झालेली नव्हती.

महाराष्ट्र मंडळातल्या बायकांपासून हे लपलं नव्हतं. शालन माझी जुनी मैत्रीण, जीभ तिखट. गणपतीच्या महाप्रसादाच्या पंगतीत मोठ्याने विचारायची, "काय गं वासंती, अविनाशराव आज पण मॅडमबरोबर रद्दी जमवायला?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. एकदा तिने वर पुस्ती जोडली, "बरंय बाई तुझं. आमच्या वेळी सवती हाडामांसाच्या असायच्या, तुझी कागदाची. कसर लागली की संपली." मी म्हणाले, "तो कागद सहजासहजी कसर लागण्यातला नाही." आणि माझ्या लक्षात आलं, मीसुद्धा डोरोथी म्हणते तेच म्हणत होते.

मला आठवतो तो ऑक्टोबर डोरोथी भेटली त्याच्या पुढच्याच वर्षीचा. त्या वर्षी दसरा उशिरा आला होता आणि पानगळ लवकर. खिडकीत उभं राहिलं तर सगळं अंगण तांब्याच्या भांड्यासारखं दिसायचं. घटाशेजारच्या समईचा वास, बाहेरून ओल्या पानांचा वास. अविनाशने त्या आठवड्यात एक नवी चोपडी आणली होती. नवी म्हणजे जुनी. पुरात पूल वाहून गेल्यावर एका पाद्र्याने गावाला केलेला उपदेश. ती त्याची सगळ्यांत लाडकी झाली. पूल पडल्यावर माणसं एकमेकांना दोष देतात, नदीला देत नाहीत, असं काहीतरी त्यात होतं. ते त्याने मला दोनदा सांगितलं. मला, आधी. डोरोथीला सांगायच्या आधी.

म्हणून मी ठरवलं. दसऱ्याला आपण पाटावर सरस्वती काढतो, वह्या-पुस्तकं मांडतो. दरवर्षी मी माझी पुस्तकं मांडायची आणि त्याची मोजपट्टी. त्या वर्षी, तो कामावर गेलेला असताना, मी माझ्या सगळ्या पुस्तकांच्या वर ती चोपडी ठेवली. माझ्या हयातभराच्या वाचनाच्या वर. मनात होतं की तो आल्यावर बघेल. त्याला कळेल की तुझा कागद मी माझ्या देवाजवळ घेतला. मी चांगलं मोठं बोट भरून हळद लावली, वर कुंकू, वर अंगणातला झेंडू. झेंडूवर दव होतं.

पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उचलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर उचललं. चिंध्यांचा कागद पाणी प्यायला बसलेलाच असतो. हळद तिसऱ्या पानापर्यंत उतरली होती.

अविनाश ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त चोपडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मी म्हणाले, "अरे, मी मुद्दाम नाही..." तो म्हणाला, "माहितीय मला." आणि फोनकडे गेला. माझ्यासमोर उभं राहून त्याने तिला फोन लावला. माझ्या देवघरात घडलेली गोष्ट, माझ्या हातून घडलेली, आणि तिची पहिली वार्ता तिला. इंग्रजीत. "देअर हॅज बीन अ लिटल अॅक्सिडेंट." मी अॅक्सिडेंट झाले होते.

अर्ध्या तासात डोरोथी आली. कोट न काढताच माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली, पिशवीतून पांढरे टिपकागद काढले, भिंग काढलं. "हे कशाचं आहे?" मी म्हणाले, हळदीचं. "हळदीने कापड रंगवतात ना? मग जाणार नाही. मी काढायला गेले तर कागद दुखावेल." मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तू या कागदाचा मान केलास ना? नमस्कार करतात तसा?" मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. माझा नवरा जे बघू शकला नाही ते या बाईने एका नजरेत बघितलं, आणि त्यासाठी मी तिला कधी क्षमा केली नाही. चुकीचं समजणाऱ्या माणसांशी जमवून घेता येतं. बरोबर समजणाऱ्या परक्या बाईचं काय करायचं?

त्या दसऱ्यानंतर अविनाशने कागद आमच्या तळघरात नेले. करड्या रंगाचे जाड पुठ्ठ्याचे डबे, प्रत्येक कागदाबरोबर एक चिठ्ठी. पुढच्या वर्षी पाट मांडताना मी म्हणाले, "तुझं एखादं पुस्तक ठेव की. हळद नाही लावत, नुसतं फूल." तो म्हणाला, "नको, मोजपट्टीच ठेव." चांगल्या आवाजात म्हणाला. मीही चांगल्या आवाजात बरं म्हणाले. दहा-बारा वर्षं आमच्याकडे हे चांगल्या आवाजात चाललं.

तो असताना तळघरात मी मोजून चार वेळा गेले असेन. एकदा हीटर बंद पडला म्हणून खाली गेले तेव्हा तो दिव्याखाली बसून फोटो बघत होता. मखमलीच्या डबीत बसवलेला, चांदीच्या पत्र्यावरचा जुना फोटो. मांडीवर मिटलेलं पुस्तक घेतलेली एक बाई. अशा फोटोचं एक असतं, तो नीट कोनात धरला तरच माणूस दिसतं, नाहीतर नुसता आरसा. "कोण आहे?" "तेच शोधतोय. त्या काळी पुस्तक घेऊन फोटो काढायचा म्हणजे शिकलेली असणार. डोरोथीला वाटतं शिक्षिका असेल." तो अख्खा हिवाळा दोघांनी त्या बाईचं नाव शोधण्यात घालवला. चर्चच्या याद्या, शाळांचे हजेरीपट. माझ्या सासूबाईंचे फोटो वरच्या मजल्यावर बुटांच्या खोक्यात पडून होते, एकाच्याही मागे नाव नव्हतं. पुस्तक हातात घेतलेली शिकलेली बाई तर घरातच होती, जिना चढून गेलं की. मी डबी हातात घेतली. ती तिरपी झाली, बाई नाहीशी झाली आणि तिच्या जागी माझा चेहरा आला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

फेब्रुवारीत, हॉस्पिटलमध्ये, अविनाशने मला कागदांचं सांगितलं. अर्धा संग्रह आपल्याकडे, अर्धा डोरोथीकडे. दोन्ही एकत्र करून शेजारच्या गावच्या इतिहास मंडळाला द्यायचा. तिथे एक कपाट रिकामं करून देणार आहेत. "कपाटावर नाव लावतील. आमचं दोघांचं." मी त्याच्या पायावरची शाल सारखी करत होते. "तेवढं तू बघशील ना?" मी म्हणाले, "बघते." आपल्याकडे बघते म्हणजे हो नसतं, नाहीही नसतं. त्याने ते हो धरलं की नाही, मला ठाऊक नाही. पुढे विचारायला वेळ राहिला नाही.

इतिहास मंडळाचा फॉर्म एप्रिलमध्ये आला. 'अविनाश आणि डोरोथी' अशी ओळ छापलेली, पुढे दोघांची आडनावं, संग्रह असा शब्द. खाली वारस म्हणून माझ्या सहीची जागा, तिच्याखाली डोरोथीच्या. आमच्या लग्नाच्या पत्रिकेनंतर त्याचं नाव कुणा बाईच्या नावाला जोडून छापलेलं मी पाहिलं नव्हतं. पत्रिका फडताळात पिवळी पडलीय. कपाटावरची पितळी पाटी तशी फिकी पडणार नाही. मी फॉर्म फळांच्या टोपलीखाली सरकवला आणि सगळा उन्हाळा वर पीचेस, मग प्लम, मग सफरचंदं ठेवत गेले.

माझी मुलगी गौरी दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला असते. तिला फोनवर एकदा निम्मंअर्धं सांगितलं. ती हसली नाही, पण हसू दाबल्याचं ऐकू आलं. "आई, शी इज एटी-टू! तिला वॉकर लागतो, यार."

"वॉकरचा काय संबंध?"

"आय मीन, तू जेलस आहेस? सीरियसली? बाबा कुणाशी फ्लर्ट करतील असे तरी होते का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मुलीला सांगायचं तर काय सांगायचं? की तुझ्या बाबांकडे बोलण्यासारखं इतकं होतं, आणि मी ते दुसऱ्या खोलीतून ऐकलं?

गेल्या आठवड्यात डोरोथीचाच फोन आला. थँक्सगिव्हिंगनंतर ती ओहायोला भाचीकडे राहायला जाणार आहे, कायमची. इतिहास मंडळाची बैठक नोव्हेंबरात. आमच्या तळघरातल्या शेवटच्या काही कागदांची यादी राहिलीय आणि तिला आता एकटीने होत नाही. तिच्याकडचा अर्धा संग्रह तिथे पोचलाही होता. "तू मला घ्यायला येशील का?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने गेली कित्येक वर्षं आमच्या घरात कुणाला विचारला नव्हता. विचारायची गरज नसायची.

म्हणून परवा मी अविनाशची गाडी काढली. डोरोथी दारातच उभी होती, आणखी उंच आणि बारीक झालेली. गाडीत बसल्यावर तिने न बघता सीटखालचा दांडा ओढला, सीट बरोब्बर तिच्या पायांइतकी मागे गेली. मग समोरचा कप्पा उघडून पेपरमिंटची डबी काढली. ती डबी मी अविनाशची समजत होते. मार्चपासून तिच्यातली एक गोळीही घेतली नव्हती. एकदा नुसती उघडून वास घेतला होता, त्याचा म्हणून. डोरोथीने एक गोळी तोंडात टाकली, एक माझ्यापुढे धरली. "माझा डॉक्टर नको म्हणतो, म्हणून इथे लपवायचे." मी म्हणाले, ड्राइव्ह करताना मी काही खात नाही.

घरी आल्यावर टेबलावर शेवटचा डबा उघडला. ती चिठ्ठी वाचायची, मी लॅपटॉपवर नोंद करायची. तेव्हा पहिल्यांदा मी त्या चिठ्ठ्या नीट बघितल्या. सगळ्या पेन्सिलीत. वर अविनाशचं अक्षर, नकाशावर लिहितात तसं, सुटं आणि सरळ. खाली डोरोथीचं तिरकं, घाईचं. त्याने लिहायचं, 'पाने बारा', तिने खाली, 'पुन्हा मोज, दोन पानं चिकटली आहेत'. त्याने, 'डाग बहुधा चहाचा', तिने, 'बहुधा तुझ्या चहाचा'. एका चिठ्ठीवर तर वाद पाचव्या ओळीपर्यंत गेला होता. मी आयुष्यभर लोकांची पत्रं पुस्तकांत वाचली, त्यांवर वर्गात बोलले. माझ्याकडे मात्र अविनाशच्या हातच्या फक्त वाणसामानाच्या याद्या आहेत.

"आधी आकार, मग पानं, मग बांधणी," मी जरा करड्या आवाजात म्हणाले. "असं उलटसुलट नाही लिहीत. कुणाला सापडायचं नाही."

डोरोथीने चष्मा वर केला. "बरोबर. आमचं हे नेहमी चुकायचं. तू आधी का नाही आलीस खाली?"

"मला कुणी बोलावलं नाही."

तिने हातातली चिठ्ठी डब्यात ठेवली. "तो म्हणायचा, तुला या कागदांचा राग येतो. त्या पिवळ्या डागानंतर. म्हणून तुझ्या डोळ्यांआड ठेवू या म्हणाला."

"राग नव्हता."

"मग?"

मी पुढची चिठ्ठी मागितली.

शेवटचा कागद चामड्याचा होता, चौघडी घातलेला, कोपऱ्यात लाल लाखेचे दोन ठिपके. नदीकाठची जमीन पुलाच्या पायासाठी विकल्याचं खत. जमीन नवऱ्याची, पण खाली बायकोचीही निशाणी होती, नाव लिहिता येत नसावं. डोरोथीने शेवटचा मजकूर बोटाने दाखवला. न्यायाधीशाने लिहिलं होतं की मी या बाईला नवऱ्यापासून दूर, वेगळं नेऊन विचारलं, आणि ती म्हणाली की मी हे माझ्या खुशीने करते आहे, नवऱ्याच्या धाकाने नव्हे.

"प्रत्येक खतावर असं असतं?" मी विचारलं.

"त्या काळच्या बहुतेक. तसा रिवाजच होता."

"एखादी नाही म्हणाली असेल?"

"म्हणाली असेल तर ते खत झालंच नसणार. आपल्या हाती लागतात ते हो म्हणणाऱ्या बायकांचेच कागद."

मी नोंद पुरी केली. यादी संपली. मग उठून सफरचंदांची टोपली उचलली आणि फॉर्म काढला. त्यावर टोपलीच्या तळाची जाळी उमटली होती. डोरोथीने तो वाचला. वाचून हातातली पेन्सिल आपल्या नावावर ठेवली.

"हे मी काढून टाकते," ती म्हणाली. "आवड त्याची होती. ओहायोत मला या नावाचा काय उपयोग? नुसतं त्याचं राहू दे."

खरं सांगते, माझ्या मनात आलं, काढ. आत्ता काढ, मी बघत नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलेलं होतं. एक रेघ, आणि पितळी पाटीवर माझा नवरा एकटा राहिला असता. म्हणजे माझाच राहिला असता.

पण मी बावीस वर्षं नोंदी केल्या आहेत. पुस्तक कुणाचं ते लिहायचं, कुणाचं असायला हवं होतं ते नाही. उद्या कुणीतरी विद्यार्थी ते डबे उघडेल, प्रत्येक चिठ्ठीवर त्याला दोन अक्षरं दिसतील आणि कपाटावर एक नाव. तो म्हणेल, नोंद करणाऱ्या बाईने चूक केली. किंवा त्याला बरोबर कळेल, ते तर आणखीच वाईट.

"राहू दे," मी म्हणाले. "दोघांनी केलंय."

डोरोथीने पेन्सिल खाली ठेवली. वॉकरला धरून उठली, डेकचं सरकतं दार उघडलं. "मी बाहेर थांबते. तू एकटीने सगळं वाच, मग सही कर." दार लावून ती पायरीवर बसली, माझ्याकडे पाठ करून. तिच्या कोटावर एक पान येऊन पडलं, तिला कळलं नाही. मी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, लहान टायपातला मजकूरसुद्धा. अविनाशचं नाव, मध्ये 'आणि', तिचं नाव. पुन्हा वाचला. मग सही केली, पूर्ण नावाने.

मी काचेवर टकटक केल्यावर ती आत आली. माझी सही बघितली. मग जरा हसून, पण डोळे माझ्यावरच ठेवून तिने विचारलं, "तुझ्या खुशीने केलीस?"

"नाही," मी म्हणाले.

डोरोथी खुर्ची ओढून बसली, कागदांच्या डब्यावर हात ठेवला. पेन मागितलं. माझ्या सहीखालच्या ओळीवर सावकाश तिने आपली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मीही नाही," ती म्हणाली.